पश्चिमेला कुठपर्यंत

भाऊ, माझे वडील, गेले त्याच्या आदल्या दिवशी, श्रावणातल्या एका रविवारी, आमच्या घरात समुद्रावर खटला चालला होता. समुद्र हजर नव्हता. तो जळगावपासून दोनशे मैलांवर, सुरतेच्या पलीकडे होता. त्यामुळे आरोपी म्हणून मला उभं केलं होतं.

न्यायाधीश अर्थात मोठे काका. मिश्रीलालजी. गादीवर मांडी घालून ते माझे गुन्हे बोटांवर घेत होते.

"गेल्या वर्षी मॅच म्हणून सुरतेला गेली, तिथून डुमस. मे महिन्यात कॅम्प म्हणून रेवदंडा. नाताळात सहल म्हणून हर्णै. दोन वर्षांत तीन समुद्र!"

"एकच आहे तो, काका," मी म्हणाले. "तीन ठिकाणी दिसतो."

"पाण्याच्या एका थेंबात असंख्य जीव असतात. हे तुला पाचव्या वर्षी शिकवलं. आणि तू अख्ख्या समुद्रात पाय घालून उभी राहिलीस. वर फोटो काढून घेतलास."

"गुडघ्यापर्यंतच होते."

"मग गुडघ्यापर्यंतचं पाप."

काकांचा हिशोब चोख असे. आमच्या कापसाच्या जिनमध्ये दर हंगामात सरकीबरोबर किती बोंडअळ्या चिरडतात, हा प्रश्न मात्र त्यांनी कुठल्याच चातुर्मासात कुठल्याच महासतीजींना, म्हणजे साध्वींना, विचारला नव्हता. अळ्या बहुधा कोरड्या होत्या म्हणून.

धुळ्याहून जतनभुवा आली होती. भाऊ आणि काका यांची ही एकुलती एक बहीण. पर्युषणाला चार दिवस होते, ते ती दर वर्षी माहेरी करी. येताना स्वतःचं उकळलेलं पाणी पितळी कळशीत घेऊन येई, कारण एसटी स्टँडवरच्या पाण्यावर तिचा विश्वास नव्हता आणि आमच्या पाण्यावर तर अजिबात नव्हता. तिचा आक्षेप समुद्राला नव्हताच.

"समुद्राचं एकवेळ प्रायश्चित्त होईल, भाई," ती म्हणाली. "ते असोद्याचं काय? दर रविवारी ही बुद्धवाड्यात जाते. चेंडू घेऊन. हिला विचारा, काय करते तिथे?"

"बास्केटबॉल शिकवते, भुवा. दोन वर्षं झाली."

"म्हणजे काय?"

"दहा फुटांवर एक कडं असतं, त्यात चेंडू टाकायचा."

"आणि कड्याला जाळी?"

"आहे. खालून उघडी असते."

"म्हणजे टोपलीला बूड नाही," भुवा काकांकडे वळली. "आठ पोरी दर रविवारी बूड नसलेल्या टोपलीत चेंडू टाकतात, तो खाली पडतो, पुन्हा टाकतात. आणि कॉलेज याला समाजसेवा म्हणतं."

खरं सांगायचं तर हे वर्णन आमच्या क्रीडाशिक्षकांच्या वर्णनापेक्षा नेमकं होतं. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना नवीन सुरू झाली होती. बाकीची मुलं श्रमदानाच्या नावाखाली कुठल्यातरी रस्त्यावर खडी टाकत आणि पहिल्या पावसात ती वाहून गेली की पुन्हा टाकत. मी चेंडू निवडला. असोद्याच्या शाळेमागे एक बाभळीचा खांब रोवला, कापसाच्या गाठींना बांधतात त्या लोखंडी पट्टीचं कडं लोहाराकडून करून घेतलं, आणि आठ पोरी जमल्या. त्या आता अशा खेळत होत्या की सुरतेच्या एका शाळेने दिवाळीच्या सुट्टीत मॅचला बोलावलं होतं. मॅच सकाळी. दुपारी सगळ्यांना घेऊन डुमस. आठांपैकी सात जणींनी भुसावळच्या पुढचं जग पाहिलं नव्हतं. आठवीने भुसावळही पाहिलं नव्हतं.

तर खटला याचा होता.

भाऊ, म्हणजे घेवरचंद, भिंतीला टेकून दुधात खाखरा बुडवून खात होते. अठ्ठेचाळीस वर्षांचा हा माणूस अजून केस कापायला जाताना मोठ्या भावाला विचारून जाई. आमच्या घरात कोणी एक बाजू घेतली की भाऊ दुसऱ्या बाजूचा खाखरा घेत. मी त्या वयात बरंच वाचत असे, आणि वाचनाने माणूस उदार होतो असं ऐकलं होतं. वडिलांच्या बाबतीत मला त्याचा काही फायदा झालेला नव्हता.

"उपाय आहे," काका म्हणाले. "उद्या प्रवचनानंतर ही मैना महासतीजींकडून दिशा परिमाण घेईल."

हे आमच्याकडचं एक जुनं व्रत आहे. कुठल्या दिशेला कुठपर्यंत जायचं याची श्रावकाने स्वतःहून हद्द बांधून घ्यायची. हद्दीपलीकडे होणाऱ्या पापांतून आपोआप सुटका. व्रत चांगलं आहे. फक्त ते स्वतःहून घ्यायचं असतं, एवढी एक बारीक गोष्ट काकांच्या नजरेतून सुटली होती.

"उत्तरेला चोपडा," काकांनी तर्जनी उचलली. "दक्षिणेला चाळीसगाव. पूर्वेला भुसावळ. पश्चिमेला नवापूर. पुढच्या संवत्सरीपर्यंत."

"वर आणि खाली?" भुवाने आठवण करून दिली. "वरची दिशाही सांगावी लागते, भाई. हिला उड्या मारायची सवय आहे."

"वर गच्चीपर्यंत."

"आणि खाली तळघर," मी म्हणाले. "तिथे कुलूप लावायचीही सोय आहे."

"प्रेमकुंवर, हिला आवर," काका आईला म्हणाले.

आईला घरात सगळे बाई म्हणत. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मला आवरलं नाही. पदराने हात पुसत राहिली. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"मी नाही घेणार," मी म्हणाले.

"मग कॉलेज नाही," काका तितक्याच शांतपणे म्हणाले. "फी काही समुद्र भरत नाही."

म्हणजे व्रत घेतलं तर सुरत संपली आणि न घेतलं तर सगळंच. आठ पोरींना काय सांगायचं याचा मी विचार करत होते, तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

"मी घेतो."

आम्ही सगळ्यांनी भाऊंकडे पाहिलं. खाखरा संपला होता.

"तू?" काका म्हणाले. "तू कशाला? तू कुठे जातोस?"

"घरात व्रत पाहिजे ना, भाई? मी घेतो. तिला राहू द्या."

काकांना यात काय दिसलं ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. त्यांना वाटलं, घेवरचंद नेहमीप्रमाणे मोठ्या भावाच्याच मनासारखं करतोय, फक्त जरा वळसा घेऊन. बाप नवापूरला थांबला की पोर आपोआप थांबेल. बिनलग्नाची पोर बापाला ओलांडून कुठे जाणार? त्यांनी समाधानाने मान हलवली. भुवाने आपल्या कळशीतलं पाणी पिऊन घेतलं. निकाल लागला.

मला दिसलं ते इतकंच, की माझ्या बाजूने एक शब्द बोलायची वेळ आली आणि भाऊंनी स्वतःलाच बांधून घेऊन वाद मिटवला. जिन्यात मी त्यांना गाठलं.

"छान केलंत, भाऊ," मी म्हणाले. "तुमचं काही नुकसानही नाही. तुम्हाला तसंही कुठे जायचं नव्हतं."

ते एक पायरी खाली होते. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं.

"पाणी पिऊन घे, मैना," ते म्हणाले. "सूर्य बुडायला सात मिनिटं आहेत."

सूर्यास्तानंतर आमच्याकडे पाणी घेत नाहीत. मी रागाने प्यायले नाही, आणि रात्रभर तहानलेली राहिले. याचा त्रास फक्त मला झाला, हे लक्षात यायला मला सकाळ झाली.

*

सोमवारी भाऊ स्थानकात, म्हणजे महासतीजी उतरल्या होत्या तिथे, गेले, व्रत घेतलं, दुकानात आले. अकरा वाजता कापसाचे नमुने बघता बघता त्यांनी पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत ते गेले होते. मी कॉलेजात होते. शिपायाने वर्गाच्या दारात येऊन माझं नाव घेतलं, तेव्हा मला वाटलं सुरतेहून पत्र आलं.

*

तिसऱ्या दिवशी उठावणा, म्हणजे दुखवट्याची बैठक, झाला. खाली मोठ्या खोलीत सतरंज्या अंथरल्या. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. मांगलिकाचा पाठ म्हणून झाला. लोक यायचे, हात जोडायचे, "भला माणूस होता, कोणाच्या अध्यात ना मध्यात," असं म्हणून उठायचे. मीही आयुष्यभर त्यांच्याबद्दल हेच म्हणत होते. फक्त कौतुकाने नाही.

मोठ्या काकांचे डोळे सुजले होते. त्यांच्या दुःखाबद्दल मला शंका नाही. ज्याने अठ्ठेचाळीस वर्षांत एकदाही उलट उत्तर दिलं नाही असा माणूस पुन्हा मिळत नसतो. पण काकांना रिकामं बसून रडता येत नसे. त्यांना दुःखाला काहीतरी काम द्यावं लागे. चाळीसगावहून आलेले पारसमलजी शेजारी बसले होते. समाजात शास्त्राचं काही अडलं की लोक त्यांना विचारत. काकांनी त्यांनाच गाठलं.

"घेवरचंदने सोमवारी सकाळी दिशा परिमाण घेतलं होतं. वर्षाचं. तीन तासही झाले नाहीत. आता अपुरं व्रत घरातल्या कोणी पुरं करायला नको का?"

"कोणी?" पारसमलजींनी विचारलं.

"त्याला मुलगा नाही. मुलगी आहे."

पारसमलजींनी चष्मा काढून धोतराने पुसला. "मिश्रीलालजी, जमीन वारसाने येते. घर येतं. मधुमेहसुद्धा येतो. व्रत नाही येत. ज्याचं त्याने घ्यायचं, ज्याचं त्याने पाळायचं."

"पण बापाची शेवटची इच्छा म्हणून?"

"इच्छा म्हणून पाळायचं असेल तर गोष्ट वेगळी," पारसमलजी म्हणाले. शास्त्राच्या माणसाला नेहमी एक दार उघडं ठेवावं लागतं.

काका त्या दारातून आत शिरले. "ऐकलंस, मैना? वडिलांची इच्छा. आता सुरत-बिरत मनातून काढ. दिवाळीनंतर बघू पुढचं."

नेमक्या त्याच वेळी दारात गडबड झाली. असोद्याहून द्रौपदाबाई आली होती, बरोबर चार बायका आणि माझ्या आठही पोरी. द्रौपदाबाई त्यांच्यातल्या एकीची आई आणि बाकी सगळ्यांची पुढारी. तिचं माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे बोलणं अहिराणी. त्या सगळ्या ओट्यावरच थांबल्या. आमच्या सतरंज्यांना मुंगीचा जीव चालतो, डासाचा चालतो. काही माणसांसाठी मात्र त्या उंबऱ्याच्या अलीकडेच संपतात.

"ओट्यावर बसू दे त्यांना," भुवा हळूच म्हणाली. "वारा आहे तिथे."

बाई उठली. तीन दिवसांत ती पहिल्यांदा आपणहून उठली होती. तिने कोपऱ्यातली गुंडाळलेली सतरंजी ओढून आणली, भुवाच्या अगदी शेजारी अंथरली आणि दाराकडे पाहून म्हणाली, "आत या, द्रौपदाबाई. इथे बसा."

भुवाला सरकायला जागा नव्हती. एका बाजूला भिंत होती. ती तशीच बसून राहिली, आणि द्रौपदाबाई तिच्या खांद्याला खांदा लावून बसली. मला वाटतं त्या घरात त्या दिवशी पाळली गेलेली दिशेची पहिली मर्यादा ती होती.

काकांना या सगळ्याने आणखी घाई झाली. पोरी समोर होत्या, एकदाच काय ते सांगून टाकावं.

"हे बघा," ते म्हणाले, "सुरतेचं रद्द. मैनाच्या वडिलांनी व्रत घेतलं होतं, ते आता ती पाळणार आहे. जतन, मी दुकानात होतो, तू स्थानकात होतीस ना? सांग सगळ्यांना काय हद्द होती ती."

भुवाने पदर नीट केला.

पुढच्या दोन मिनिटांत तिच्या मनात काय चाललं होतं ते तिने मला स्वतः सांगितलं, तिच्या शेवटच्या आजारात. तिला वाटलं, नवापूर म्हणावं आणि मोकळं व्हावं. कोण तपासणार होतं? महासतीजी काही घरोघर सांगत फिरणार नाहीत. भाईचा मान राहील, पोर घरात राहील, असोदा असोद्यात राहील. सगळं तिच्या मनासारखं. एक शब्द फक्त. पण भाऊ तिचा लहान भाऊ होता. त्याला तिने कडेवर वाढवलं होतं. तो मेल्यावर तिसऱ्या दिवशी, पर्युषणाच्या तोंडावर, त्याच्या नावाने खोटं बोलायचं, तर मग एसटी स्टँडवरचं पाणीच का वाईट?

"उत्तरेला चोपडा," भुवा म्हणाली.

"हं."

"दक्षिणेला चाळीसगाव. पूर्वेला भुसावळ."

"आणि पश्चिमेला नवापूर."

"नाही," भुवा म्हणाली. "पश्चिमेला डुमस."

काकांना आधी वाटलं बहिणीच्या तोंडून चुकून गेलं. "नवापूर म्हणायचंय तुला."

"मला काय म्हणायचंय ते मला कळतं, भाई. महासतीजींनी विचारलं, पश्चिमेला कुठपर्यंत? तो म्हणाला, डुमस. त्यांनी विचारलं, हे कुठे आलं? तर म्हणाला, तिथे जमीन संपते, महाराज. त्याच्यापुढे मला जायचं नाही."

कोणीतरी खोकलं. पारसमलजींनी पुन्हा चष्मा काढला.

"वरचीही सांगते," भुवाचा आवाज आता चढला होता. एकदा खरं बोलायला लागल्यावर तिला थांबवणं कठीण असे. "वर कुठपर्यंत म्हणून विचारलं, तर म्हणाला दहा फूट. दहा फूट! वर्षभर गच्चीवर पापड वाळत घालायलाही चढला नसता. मी म्हटलं याचं डोकं फिरलं. दहा फूट कुठून काढलं याने?"

बायकांच्या मागे बसलेल्या आठ पोरी एकदम एकमेकींकडे पाहायला लागल्या. त्यांना माहीत होतं. दहा फूट किती असतात हे त्या खोलीत त्या आठ जणींना आणि मला माहीत होतं. भाऊंनाही माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं.

"पण तो कशाला जाणार होता डुमसला?" काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. पहिल्यांदाच त्यांना खरोखर काहीतरी विचारायचं होतं. "मला बोलला नाही. घेवर मला न सांगता कधी अमळनेरलाही गेला नाही."

"माले बोलनात," द्रौपदाबाई म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती घाबरली नाही.

"मांगला गुरुवारले उनात असोदाले. सायकलवर. मनी पोर कशी खेळस ते दखं. मंग बोलनात, दिवाळीमा पोरीसनासंगे मी बी येऊ का? तुमले चाली का? मी बोलनू, नाना, तुम्हनी पोर लई जाई राहिनी, आम्हले काय इचारतस? तिलेच सांगा ना." ती माझ्याकडे पाहून जरा थांबली. "ते बोलनात, नही. ती इचारी ते मी येसू."

बाईने मान खाली घातली.

"मलाही विचारलं होतं," ती म्हणाली. "खाखरे किती दिवस टिकतात, दहा माणसांना किती लागतील. मी म्हटलं आठ पोरी आणि मैना, नऊच होतात. तर म्हणाले, एखादा जास्त असू दे."

काकांनी पारसमलजींकडे पाहिलं. पारसमलजी चष्मा पुसत होते, आणि तो एव्हाना फार स्वच्छ झाला असावा. काकांनी भुवाकडे पाहिलं. भुवा द्रौपदाबाईकडे पाहत होती, जणू तिची आत्ताच ओळख झाली होती.

"इच्छा पाळायची म्हणालात ना, भाईजी?" बाई काकांना म्हणाली. लग्न झाल्यापासून ती त्यांच्याशी चार माणसांत बोलली नव्हती. "मग पोरी जातील. खाखरे मी करते."

काकांनी हो म्हटलं असं घरात पुढे सांगितलं जाई. मी तिथे होते, त्यांनी फक्त उपरण्याने तोंड पुसलं. पण ते पुरेसं होतं. सुरत झाली होती. मी जिंकले होते. असं काही झालं की मी काय बोलेन, याचं एक टोचरं वाक्य मी दोन दिवस तयार ठेवलं होतं. चांगलं वाक्य होतं.

"मैनाताई," माझी सर्वात लहान पोर मागून हळूच म्हणाली, "तुम्ही नानांना का नाही विचारलं?"

द्रौपदाबाईने तिला कोपराने ढोसलं. बाई म्हणाली, "असू दे, तिच्या लक्षात आलं नसेल." आईने माझ्यासाठी ठेवलेलं ते दार होतं. मी त्यातून सहज जाऊ शकले असते. सगळ्यांना ते पटलंही असतं.

मी उभी राहिले. आमच्याकडे उठावण्यात बायका उभं राहून बोलत नाहीत.

"लक्षात आलं होतं," मी म्हणाले. "पहिल्या वेळीच. सुरतेच्या मॅचला निघालो तेव्हा भाऊ स्टेशनवर आले होते. धोतर, पगडी, हातात पाण्याचा तांब्या, वर फडकं बांधलेलं. गाडी सुटेपर्यंत ते खिडकीशी उभे होते. टीममधल्या एकीने विचारलं, हे कोण? ते दोन हातांवर होते. त्यांना ऐकू जात होतं."

मी त्या लहान पोरीकडे वळले.

"मी म्हणाले, आमच्या दुकानातले मुनीम आहेत."